स्पीड टेस्ट ९४०, बॅकअप मात्र १८: एका सर्व्हरच्या मंद इंटरनेटचा तपास

तक्रार एवढीच होती: "सर्व्हरचं इंटरनेट स्लो आहे." तिच्याखाली इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीचं उत्तर चिकटवलेलं होतं: "लाईन तपासली. स्पीड टेस्टला ९४० एमबीपीएस मिळत आहेत. तक्रार बंद करत आहोत." दोघांचंही म्हणणं खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचं उत्तर मिळालं तेव्हाच दोषही सापडला.

आधी मांडणी सांगतो. एक लिनक्स सर्व्हर, त्याच रॅकमधल्या स्विचला (मशीनं एकमेकांना जोडणारं उपकरण) १० गिगाबिटच्या फायबरने जोडलेला. स्विचमधून बाहेर जाणारी इंटरनेट लाईन १ गिगाबिटची. रोज रात्री दुसऱ्या खंडातलं एक मशीन या सर्व्हरवरून सुमारे २०० जीबीचा बॅकअप एचटीटीपीएसने ओढून घेतं, एकाच कनेक्शनवर. पूर्वी हे काम सव्वातीन तासांत उरकायचं. आता चोवीस तास होत आले तरी संपत नव्हतं, आणि आदल्या रात्रीचा बॅकअप चालू असतानाच पुढचा सुरू व्हायची वेळ यायची.

एक किरकोळ गोंधळ सुरुवातीलाच निस्तरावा लागला. तक्रार करणारे "२.३ मिळतंय" म्हणत होते आणि कंपनी "९४०" म्हणत होती. पहिला आकडा सेकंदाला मेगाबाइटचा, दुसरा मेगाबिटचा, म्हणजे एमबीपीएस. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून आठने गुणलं की २.३ चे १८ होतात. तरीही ९४० आणि १८ यांत पन्नास पटींचा फरक उरतोच. पण एकक न लिहिता कोणी स्पीडचा आकडा पाठवला, तर मी पुढचं काही वाचण्याआधी तेवढं विचारून घेतो.

कोणाकडून कोणाकडे, आणि किती लांब

"स्लो" हा शब्द जोवर दिशा आणि अंतर यांत मोडत नाही, तोवर तपास सुरूच होत नाही. म्हणून आयपर्फ हे वेग मोजायचं साधं साधन घेऊन चार मोजमापं केली. प्रत्येक वेळी टीसीपी (डेटाच्या तुकड्यांची, म्हणजे पॅकेटांची, पोच घेऊन हरवलेली पुन्हा पाठवणारी पद्धत), आणि जिथे वेगळं सांगितलं नाही तिथे एकच कनेक्शन.

सर्व्हरकडून त्याच स्विचवरच्या दुसऱ्या, १ गिगाबिटच्या मशीनकडे: ९४० एमबीपीएस. गिगाबिट जोडणीवर टीसीपीला याहून जास्त मिळत नाही. १५०० बाइटचं पॅकेट तारेवर जाताना आगेमागे लागणाऱ्या गोष्टी धरून १५३८ बाइटची जागा खातं, आणि त्यात खरा माल असतो १४४८ बाइट. हिशेब केला की ९४१ येतात. म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्यावर संशय घ्यायचं कारण उरलं नाही.

सर्व्हरकडून बाहेरच्या जवळच्या टेस्ट सर्व्हरकडे, जाऊन येऊन ८ मिलिसेकंद: एका कनेक्शनवर साधारण १७५, आठ कनेक्शनं एकदम सोडली की पुन्हा ९४०. कंपनीची स्पीड टेस्ट नेमकी हीच होती. बहुतेक स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडतात आणि अनेक कनेक्शनं एकदम उघडतात. लाईनची रुंदी मोजायला ते ठीक आहे. एका लांबच्या कनेक्शनचं काय होईल, हे त्यातून कळत नाही.

सर्व्हरकडून दूरच्या मशीनकडे, जाऊन येऊन १८० मिलिसेकंद: १८. तक्रार हीच.

दूरच्या मशीनकडून सर्व्हरकडे, तोच रस्ता उलट दिशेने: १४०.

हा चौथा आकडा सगळ्यांत बोलका. अंतर तेच, मशीनं तीच, फक्त माल वाहण्याची दिशा बदलली आणि वेग आठपट झाला. दोष सर्व्हरमधून बाहेर पडणाऱ्या वाटेवर आहे, आत येणाऱ्या वाटेवर नाही. (१४० तरी का, ९४० का नाहीत, हा प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला. तो पुढे स्वतःहून परत आला.)

जे नव्हतं ते

काही संशयित झटपट बाद झाले. नावाचा पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा आजारी असेल तर सुरुवातीला काही सेकंद अडकायला होतं, पण एकदा सुरू झालेलं डाउनलोड त्यामुळे मंद चालत नाही. पॅकेटच्या आकाराची मर्यादाही तपासली: तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचं पिंग टाकलं, २८ बाइटच्या हेडरसकट ते बरोबर १५०० होतं, आणि ते बिनतक्रार पोचलं. तसाही तो दोष असता तर कनेक्शन मोठं पॅकेट निघताच गोठलं असतं, १८ च्या वेगाने तासन्‌तास रेटत राहिलं नसतं.

टीसीपीची विंडो हा त्याहून तगडा संशयित. मूळ टीसीपीमध्ये विंडोचा आकडा १६ बिटांचा आहे, म्हणजे पोच येण्याआधी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेवर ठेवता येतात. १९९२ साली तो आकडा पटीत वाढवण्याची सोय मानकात आली, पण मधलं एखादं जुनाट फायरवॉल ती सूचना पुसून टाकू शकतं. तसं झालं असतं तर १८० मिलिसेकंदांच्या फेरीत ६४ केबी, म्हणजे जेमतेम २.९ एमबीपीएस मिळाले असते. आपल्याकडे १८ होते. शिवाय सर्व्हरवर चालू कनेक्शनांची माहिती देणारी एसएस ही कमांड तपशिलासह चालवली तर विंडोची पट दोन्ही बाजूंनी मान्य झालेली दिसत होती.

मग एमटीआर, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर किती पॅकेट हरवतात (लॉस) ते दाखवणारं साधन. त्याने बराच घोळ घातला. वाटेतल्या सहाव्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त पॅकेट हरवताना दिसत होती, आणि तो स्क्रीनशॉट घेऊन "दोष इथे आहे" असं एक लांबलचक पत्र कंपनीला जाऊनही आलं होतं. पण त्याच्या पुढच्या सगळ्या टप्प्यांवर, अगदी शेवटच्या मशीनपर्यंत, लॉस शून्य होता. सहाव्या टप्प्यावर खरंच निम्मी पॅकेट पडत असती तर सातव्यावरही निम्मीच पोचली असती. तो राउटर पॅकेट पुढे ढकलायचं काम चोख करत होता. स्वतःला आलेल्या चौकशीला उत्तर द्यायचं काम तो मागे टाकत होता, आणि मोठे राउटर तसंच करतात. एमटीआरमधला मधल्या टप्प्याचा लॉस शेवटपर्यंत टिकत नसेल तर तो सोडून द्यावा. असली पत्रं पाठवून कंपनीचा आपल्यावरचा विश्वास तेवढा उडतो.

साधं पिंगही हजार वेळा करून झालं होतं: एकही हरवलं नाही. त्यामुळे "लॉस नाहीच" असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

हरवलेल्या पॅकेटचा हिशेब

पण एसएस वेगळंच सांगत होतं. डाउनलोड चालू असताना दर सेकंदाला त्याचा तपशील घेतला, तेव्हा पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा हळूहळू पण सतत चढत होता. आणि वाटेवर एकावेळी किती पॅकेट ठेवायची हे ठरवणारी कन्जेशन विंडो वर चढायची, मग एकदम तिच्या सात दशांशावर यायची, पुन्हा चढायची. सरासरी तीनशेच्या आसपास. पुन्हा पाठवलेली पॅकेट आणि एकूण पाठवलेली यांचं गुणोत्तर काढलं: दहा हजारांत एक.

दहा हजारांत एक म्हणजे ०.०१ टक्का. ऐकायला ते काहीच नाही, आणि जवळच्या कनेक्शनला ते खरोखरच काही करत नाही. १९९७ साली मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपं सूत्र मांडलं: टीसीपीचा वेग हा पॅकेटच्या आकाराला फेरीच्या वेळेने आणि लॉसच्या वर्गमुळाने भागून, वर साधारण १.२ ने गुणून येतो. फेरीची वेळ आणि लॉस दोन्ही छेदात आहेत, म्हणून थोडासा लॉस लांबच्या रस्त्यावर भारी पडतो.

आपल्या आकड्यांवर हे लावून पाहू. १४६० बाइटचं पॅकेट, लॉस दहा हजारांत एक. स्थानिक जोडणीवर फेरी ०.३ मिलिसेकंद धरली तर सूत्र साडेचार हजारांहून जास्त एमबीपीएस देतं, म्हणजे गिगाबिट लाईन आधी भरते आणि दोष दिसतच नाही. ८ मिलिसेकंदांवर एका कनेक्शनला १७८ मिळतात. आठ कनेक्शनं लावली की लाईन पुन्हा भरते. स्पीड टेस्टचे ९४० इथून आले. १८० मिलिसेकंदांवर सूत्र ८ देतं. आपल्याला १८ मिळत होते, कारण सूत्र टीसीपीचा वेग ठरवण्याच्या जुन्या रेनो पद्धतीसाठी आहे आणि लिनक्स २००६ पासून क्यूबिक ही पद्धत वापरतं, जी लांब रस्त्यावर पडल्यावर लवकर सावरते. क्यूबिकसाठी असलेलं सूत्र याच आकड्यांना १९ च्या आसपास नेतं. चार मोजमापांपैकी सर्व्हरकडून बाहेर जाणारे तीन आकडे एकाच लॉसने समजावून देता आले. इथे पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य वाटेवर आहोत.

मग हजार पिंगांत एकही का पडलं नाही? एक तर दहा हजारांत एक लॉस पकडायला हजार पिंग पुरत नाहीत. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट आकाराची. लॉस जर बिट बिघडण्यामुळे होत असेल तर मोठं पॅकेट बिघडण्याची शक्यता जास्त, कारण त्यात बिट जास्त. पूर्ण पॅकेटमध्ये बारा हजारांवर बिट असतात. नेहमीच्या पिंगमध्ये आठशेच्या आसपास. पूर्ण पॅकेट दहा हजारांत एक पडत असेल तर छोटं पिंग दीड लाखांत एक पडेल. ते पकडायला पिंग फार वेळ चालू ठेवावं लागतं, आणि एवढा धीर कोणी धरत नाही.

पद्धत बदलून पाहिली, पण तिथे थांबलो नाही

या टप्प्यावर एका सहकाऱ्याने सुचवलं: बीबीआर लावून टाकू. गूगलने २०१६ मध्ये आणलेली ही पद्धत त्याच वर्षी लिनक्सच्या ४.९ आवृत्तीत आली. क्यूबिक हरवलेल्या पॅकेटला गर्दीची खूण समजून वेग कमी करतं. बीबीआर रस्त्याची रुंदी आणि फेरीची वेळ मोजून वेग ठरवतं, तुरळक लॉसकडे फारसं लक्ष देत नाही.

सर्व्हरची सेटिंग न बदलता आयपर्फलाच एका चाचणीपुरती पद्धत बदलायला सांगता येते. तसं केलं. १८ चे १३५ झाले.

उपाय म्हणून मला हे पटलं नाही, पण पुरावा म्हणून अमूल्य होतं. रस्त्यात खरी गर्दी असती तर बीबीआरलाही एवढी जागा मिळाली नसती. म्हणजे रस्ता मोकळा आहे आणि पॅकेट गर्दीमुळे नव्हे, दुसऱ्याच कारणाने पडताहेत. पण तिथेच थांबलो असतो तर पॅकेट पडतच राहिली असती, सर्व्हरमधून जाणारी टीसीपीबाहेरची सगळी रहदारी ते सोसत राहिली असती, आणि मूळ दोष वाढत गेला असता तरी कोणाला दिसला नसता. शिवाय बीबीआरची पहिली आवृत्ती उथळ बफरच्या, म्हणजे पॅकेट थोपवून ठेवायला जागा कमी असलेल्या, रस्त्यावर शेजारच्या क्यूबिक कनेक्शनांना दाबते, हे ठाऊक असलेलं दुखणं. म्हणून सेटिंग जशी होती तशीच ठेवली.

काउंटर कुठे वाचायचा

आता प्रश्न: पॅकेट नेमकी कुठे पडताहेत? सर्व्हरवरचे काउंटर आधीच पाहून झाले होते. पाठवतानाच्या चुका शून्य, घेतानाच्या चुका शून्य, नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या इथटूल या कमांडच्या लांबलचक यादीतही सगळं शून्य. त्यावरून "सर्व्हरपासून स्विचपर्यंत सगळं ठीक" असा निष्कर्ष निघाला होता, आणि तिथेच तपास बाहेरच्या रस्त्यावर भरकटला होता.

इथरनेटमध्ये प्रत्येक फ्रेमच्या (तारेवरून जाताना पॅकेटला असलेलं वेष्टन) शेवटी तपासणीचा एक आकडा असतो, सीआरसी. तो घेणारा तपासतो. जुळला नाही तर घेणारा फ्रेम टाकून देतो आणि आपला काउंटर एकाने वाढवतो. पाठवणाऱ्याला कळवायची सोयच नाही. पत्र वाटेत भिजलं हे ज्याने उघडलं त्याला कळतं, ज्याने पेटीत टाकलं त्याला नाही. सर्व्हरमधून निघून स्विचपर्यंत जाताना फ्रेम बिघडत असतील तर ते स्विचच्या पोर्टवरच दिसणार, आणि सर्व्हरवर शून्यच राहणार.

स्विच नेटवर्क विभागाच्या ताब्यात होता. त्यांच्या देखरेखीत पोर्ट चालू आहे की बंद एवढंच पाहिलं जायचं. पोर्ट चालू होता, दिवा हिरवा होता.

त्यांना दोन काउंटर मागितले. एक, सर्व्हरच्या पोर्टवर आत येताना सीआरसी चुकलेल्या फ्रेमचा. दुसरा, इंटरनेट लाईनच्या पोर्टवर बाहेर जाताना टाकून दिलेल्या पॅकेटांचा. दुसरा मागायचं कारण: सर्व्हर १० गिगाबिटने ओततो आणि लाईन १ गिगाबिटची आहे, तेव्हा अचानक आलेल्या लाटेत स्विचचा बफर भरून पॅकेट सांडू शकतात. असं घडणं अगदी नेहमीचं, आणि खरं तर माझा पहिला पैजेचा घोडा तोच होता. तो आकडा थोडासा होता, पण मंद डाउनलोड चालू असताना हलत नव्हता. सीआरसीचा आकडा मात्र लाखांत होता.

नुसता मोठा आकडा हा पुरावा नव्हे. काउंटर कधीपासून साठलाय कोण जाणे. मागे कधी तरी केबल काढताघालताना चढला असेल. म्हणून काउंटरची नोंद घेतली, आणि सर्व्हरकडून त्याच स्विचवरच्या शेजारच्या मशीनकडे यूडीपीचा ५०० एमबीपीएसचा प्रवाह एक मिनिट सोडला. यूडीपी हरवलेलं पुन्हा पाठवत नाही, म्हणून जे पडलं ते उघडं दिसतं. पंचवीस लाखांवर पॅकेट गेली, त्यांतली अडीचशेच्या आसपास पोचली नाहीत. स्विचचा सीआरसी काउंटर जवळजवळ तेवढ्यानेच वाढला. उलट दिशेने तोच प्रयोग केला: एकही पडलं नाही.

म्हणजे दूरच्या खंडापर्यंतच्या रस्त्याचा यात काही संबंधच नव्हता. पॅकेट रॅकच्या आतच, काही हात लांबीच्या केबलवर पडत होती. स्थानिक कनेक्शनांनाही ती तेवढीच पडत होती, फक्त तिथे ती अर्ध्या मिलिसेकंदात भरून निघायची.

एक सावधगिरी इथे नोंदवतो. काही स्विच फ्रेम पूर्ण येण्याआधीच ती पुढे धाडायला लागतात. सीआरसी फ्रेमच्या शेवटी असल्यामुळे बिघडलेली फ्रेम तोवर पुढच्या स्विचकडे निघालेली असते, आणि सीआरसीच्या चुका वाटेतल्या अनेक पोर्टांवर दिसतात. अशा वेळी उगमाकडे चालत जाऊन पहिला बिघडलेला पोर्ट शोधावा लागतो. आपल्याकडे एकच स्विच होता, त्यामुळे हे टळलं.

फायबरची एक तार

१० गिगाबिटच्या या जोडणीत दोन तारा असतात, एक जायची आणि एक यायची. दोष एकाच दिशेला का, याचं उत्तर इथेच मिळतं. दोन्ही टोकांच्या मॉड्यूलांना, म्हणजे प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या भागांना, प्रकाशाची ताकद विचारता येते. सर्व्हरवर ते इथटूलच सांगतं. सर्व्हर पाठवत होता उणे २.५ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). स्विचला पोचत होते उणे ११.७. उलट दिशेने सर्व्हरला पोचत होते उणे २.७.

या प्रकारच्या जोडणीला, म्हणजे कमी अंतराच्या ८५० नॅनोमीटरच्या मॉड्यूलांना, मानकानुसार घेणाऱ्या बाजूला कमीत कमी उणे ९.९ डीबीएम मिळायला हवेत. ९ डीबीहून जास्त घट म्हणजे प्रकाशाचा आठवा हिस्साच पोचत होता. तरीही लिंक तुटली नव्हती, म्हणून दिवा हिरवा. या वर्गातल्या जोडणीत बिट बिघडण्याचं प्रमाण एक लाख कोटींत एक याहून कमी असावं अशी मानकाची अपेक्षा आहे. आपलं प्रमाण त्याच्या हजारो पटींनी वाईट होतं. पण "चालू आहे का" या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच येत होतं.

कारण मॉड्यूलमध्ये, कनेक्टरवरच्या धुळीत की केबलमध्ये, हे पाहायला एकावेळी एकच गोष्ट बदलली. आधी दोन्ही टोकांचे कनेक्टर साफ केले. (मॉड्यूल बंद केल्याशिवाय फायबरच्या टोकात डोकावू नये. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो नाही असं वाटतं.) उणे ११.७ चे उणे ११.३ झाले, बस. मग दोन्ही टोकांना दोन तारांची अदलाबदल केली, म्हणजे जायची तार यायची झाली आणि यायची जायची. स्विचला आता उणे २.८ मिळू लागले आणि सर्व्हरला उणे ११.४. दोष तारेबरोबर सरकला. मॉड्यूल सुटली, पॅच कॉर्ड, म्हणजे सर्व्हर आणि स्विच जोडणारी फायबरची केबल, सापडली.

ती कॉर्ड रॅकच्या दाराच्या बिजागरीपाशी चेपली गेली होती. बॅकअपच्या लॉगमध्ये सव्वातीन तासांचे चोवीस कुठल्या तारखेला झाले ते दिसत होतं, आणि त्याच आठवड्यात रॅकमध्ये एक नवं उपकरण बसवलं गेलं होतं. ही तारीख पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होती, पण नव्या उपकरणाचा इंटरनेटशी काही संबंध नसल्यामुळे तिकडे कोणी वळलं नव्हतं.

नवी कॉर्ड घातली. उणे २.९. सीआरसी काउंटर थांबला.

१४० ची भिंत

दूरच्या मशीनकडे पुन्हा मोजलं: १४०. बॅकअप पुन्हा सव्वातीन तासांत उरकू लागला आणि तक्रार करणाऱ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं. पण हा आकडा आधीही भेटला होता: उलट दिशेच्या पहिल्या मोजमापात १४०, बीबीआरच्या चाचणीत १३५. वेगवेगळ्या परिस्थितीत वेग एकाच जागी येऊन अडत असेल तर तिथे भिंत असते.

आलेखाचा आकारही आता वेगळा होता. लॉस होता तेव्हा वेग करवतीच्या दात्यांसारखा चढत उतरत होता. आता रेघ सरळ होती, दर सेकंदाला तेच १४०. एसएस आणखी स्पष्ट सांगत होतं: पाठवणारा बहुतेक सगळा वेळ घेणाऱ्याच्या विंडोमुळे अडून होता.

हिशेब सोपा आहे. १ गिगाबिटच्या रस्त्यावर १८० मिलिसेकंदांची फेरी भरून ठेवायची तर २२.५ मेगाबाइट माल सतत वाटेवर हवा. दूरच्या लिनक्सवर टीसीपीच्या घेण्याच्या बफरची कमाल मर्यादा मुळात होती तीच, ६ एमबी. त्यातला अर्धा भाग तिथलं लिनक्स आपल्या अंतर्गत खर्चासाठी धरून ठेवत होतं, उरलेले ३ एमबी विंडो म्हणून जाहीर होत होते. १८० मिलिसेकंदांना ३ एमबी म्हणजे बरोबर १४० एमबीपीएस. आणि ही भिंत पाडली असती तरी पुढे दुसरी उभी होतीच: सर्व्हरवर पाठवायच्या बफरची मर्यादा ४ एमबी.

म्हणून घेणाऱ्याकडे आरमेम आणि पाठवणाऱ्याकडे डब्ल्यूमेम या दोन सेटिंगांतला तिसरा, म्हणजे कमाल मर्यादेचा आकडा ६४ एमबी केला. मधल्या आकड्याला हात लावला नाही. तो वाढवला तर प्रत्येक नवं कनेक्शन सुरुवातीलाच मोठा बफर मागतं. नुसती कमाल वाढवली की लिनक्स गरज दिसेल तसतसा बफर मोठा करतं. अट एवढीच की प्रोग्रॅमने स्वतः बफरचा आकार ठोकून ठरवलेला नसावा. तसं केलं तर लिनक्स त्या कनेक्शनपुरतं आपलं डोकं चालवणं बंद करतं, आणि ही सेटिंग कितीही वाढवली तरी उपयोग होत नाही.

वेग ७०० च्या आसपास गेला, रस्त्यावरच्या इतर रहदारीप्रमाणे कमीजास्त. २०० जीबी पाऊण तासाच्या आत. बॅकअप एसएसएच या सुरक्षित जोडणीतून जात असता तर आणखी एक भिंत लागली असती, कारण तिच्यासाठी वापरला जाणारा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम आपल्या प्रत्येक चॅनेलला २ एमबीची स्वतःची विंडो ठेवतं आणि या अंतरावर तिचे ९३ च एमबीपीएस होतात. तिथे खालचा बफर वाढवून काही हाती लागत नाही, एकावेळी अनेक कनेक्शनं चालवावी लागतात.

नेटवर्क विभागाने देखरेखीत दोन गोष्टी वाढवल्या: सीआरसी काउंटर पाच मिनिटांत किती वाढला, आणि प्रत्येक फायबर पोर्टला मिळणारी प्रकाशाची ताकद. दुसऱ्यासाठी इशारा उणे ८ वर ठेवला, म्हणजे चुका सुरू होण्याआधी कळेल.

एक तक्रार मात्र उरली. त्याच दूरच्या ठिकाणचे लोक म्हणत होते की बॅकअप धावतोय, पण सर्व्हरवरची वेब पानं अजून तितकीच रेंगाळतात. ते बरोबर होतं, आणि या दुरुस्तीने ते बदलणारही नव्हतं. नव्या कनेक्शनला टीसीपीची एक फेरी, माल कुलूपबंद करणाऱ्या टीएलएस १.३ ची एक, आणि मागणी जाऊन पहिलं उत्तर यायला एक: पहिला बाइट दिसायच्या आधीच अर्धा सेकंद गेला. मग कनेक्शन दहा पॅकेटांपासून सुरू होऊन दर फेरीला दुप्पट होतं, म्हणजे एक एमबीचं पान पूर्ण यायला आणखी सेकंदभराहून जास्त. या सगळ्यात लाईन १ गिगाबिटची आहे की १०० मेगाबिटची, याने फरक पडत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, आणि ते काही आपल्याला वाढवता येत नाही. तिथे कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा वापरणं, आणि न बदलणाऱ्या फायली त्या लोकांच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणं हेच मार्ग. ते काम वेगळ्या तिकिटावर वेबसाइट सांभाळणाऱ्यांकडे गेलं.